मोअरचं ट्रान्समिशन ‘बदललं’, पण सिरियल नंबर जुनाच

अमेरिकेत एकरभर लॉनचं घर घेतलेल्या सगळ्यांनी हे वाचावं. ज्यांच्या ओळखीतली वयस्कर माणसं इथे एकटी राहतात, त्यांनी तर नक्कीच.

आम्ही ओहायोत राहतो. मे महिन्यात, गवत बघता बघता गुडघ्याला लागतं त्या दिवसांत, आमचं रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, भर लॉनमध्ये थांबलं. इंजिन चालू, पाती फिरतायत, पण पेडल दाबलं तरी गाडी ना पुढे, ना मागे. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एकाला फोन केला. मॉडेल कळावं म्हणून त्याने मागच्या चाकांमधल्या ट्रान्समिशनवरच्या स्टिकरचा फोटो मागवला. आल्यावर पेडल दाबून बघितलं, खाली वाकलासुद्धा नाही, आणि निकाल दिला: हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा भाग) गेलं, ते सीलबंद असतं, अख्खंच बदलावं लागेल. खर्च १,१४० डॉलर, रोख दिले तर शंभर कमी. मी क्रेडिट कार्डच दिलं.

मोअर ट्रेलरवरून गेलं आणि आठवड्याने परत आलं. छान चालत होतं. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, तो ‘कोअर’ म्हणून, म्हणजे नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना पार्ट म्हणून, कंपनीला परत गेला.

पुढे महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी तीच गोष्ट सांगितली. तोच माणूस, तेच ‘सीलबंद’, तेच ‘कोअर’. काका गेल्यापासून घराचं सगळं त्या एकट्या बघतात, आणि त्यांनी पैसे रोख दिले होते. घरी येऊन मी टॉर्च घेऊन मोअरखाली बघितलं. स्टिकर तोच, सिरियल नंबर तोच, फोटोत दिसणारा फाटका कोपराही तसाच. खोबणींमध्ये गेल्या वर्षीचं गवत वाळून घट्ट बसलेलं. नवा होता तो फक्त पट्टा, काळाकुळकुळीत, अजून छापील अक्षरं न पुसलेला. असा ड्राइव्ह बेल्ट चाळीस-पन्नास डॉलरला मिळतो.

संताप पैशांपेक्षा काकूंसाठी जास्त आला.

म्हणून एवढं तरी सगळ्यांना माहीत असू द्या. इंजिनाची ताकद ट्रान्समिशनपर्यंत या पट्ट्यानेच जाते. ट्रान्समिशनच्या डोक्यावर एक पुली असते आणि तिच्यावर बहुतेक मॉडेलांत प्लास्टिकचा पंखा. पार्किंग ब्रेक लावा, पाती बंद ठेवा, इंजिन चालू करा आणि मागून, लांबूनच बघा. हात अजिबात घालू नका. पंखा फिरत नसेल तर बहुधा ताकद तिथवर पोचतच नाहीये (काही मॉडेलांत मात्र ब्रेक लावला की पट्टा मुद्दामच सैल होतो, तिथे ही खूण चालत नाही; मॅन्युअल बघा). पट्टा उतरला असेल, झिजून गुळगुळीत झाला असेल, नाहीतर पट्टा ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीची स्प्रिंग तुटली असेल. पंखा फिरतोय आणि तरी गाडी हलत नाही, तर मागचा बायपासचा दांडा बघा. मोअर हाताने ढकलता यावं म्हणून तो असतो आणि चुकून ओढलेला राहिला तर पेडल दाबून काही होत नाही. कधी चाकाच्या हबमधली, चाक आसाला जखडून ठेवणारी छोटी चौकोनी ‘की’ (धातूची पाचर) तुटते: आस फिरते, चाक जागेवर. तेल बदलल्यावर आत हवा राहिली तरी जोर जातो; ती कशी काढायची ते मॅन्युअलमध्ये असतं.

ट्रान्समिशन खरंच झिजलं असेल तर ते बहुतेक वेळा आधीपासून सांगतं. थंड असताना ठीक, अर्धा तास कापल्यावर तेल तापून पातळ होतं आणि चढावर गाडी मरगळते. सपाटीवर एका क्षणात दोन्ही दिशा बंद झाल्या, तर आधी पट्टा बघायचा. आणि ‘सीलबंद’ हेही अर्धंच खरं. अनेक छोट्या ट्रान्समिशनना तेल सोडायचा बोल्ट नसतो, पण ती खाली उतरवून तेल बदलता येतं.

दुरुस्तीला देण्याआधी सिरियल नंबरचा फोटो काढाच. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि जुना पार्ट परत हवा हे त्यातच लिहून घ्या. कोअर परत करायचाच असेल तर निदान त्याचा फोटो मागा. पैसे कार्डानेच द्या.

माझी तक्रार स्टिकरचे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो जोडल्यावर कार्ड कंपनीने मान्य केली, पैसे परत आले. काकूंकडे आधीचा फोटो नाही, रोखीची पावतीही नाही. आम्ही दोघांनी मिळून राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे. ओहायोत याच पद्धतीने आणखी कोणी फसलं असेल तर त्यांनीही तिथे तक्रार नोंदवावी; एकाच माणसाविरुद्ध जितक्या तक्रारी, तितकी काकूंची बाजू भक्कम होईल.