वाचनालयातला फुकट कंप्युटर क्लास, ज्येष्ठांसाठी, साताऱ्यात: बारा दिवस जाऊन आलो

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, रिटायर होऊन ८ वर्षं झाली, आणि या वयात मी कंप्युटर शिकायला जाणार असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मधल्याच स्टॉपला उतरवला असता. पण गेलो. आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात साठीच्या पुढच्यांसाठी क्लास घेतात, दुपारी ४ ते साडेपाच, बारा दिवस, एक रुपया घेत नाहीत. आधारची झेरॉक्स आणि एक फोटो दिला की नाव लागतं.

शिकवणारी मॅडम म्हणजे पोरगीच, पंचविशीची असेल. पहिल्या दिवशी सगळ्यांना आजी-आजोबा म्हणत होती, एक काकू बोलल्याच, "अगं मला अजून नातवंड नाही," तेव्हापासून काका-काकू. तर ही पोरगी शिकवताना हात मागे बांधून उभी राहते, खरंच, एका हाताने दुसरं मनगट धरून. घरी पोराला काही विचारलं की तो माऊस ओढून घेतो, टकटकटक तीन ठिकाणी दाबतो, "हे बघा झालं" म्हणतो, आणि मी बघितलेलं काय तर त्याची बोटं. इथं कितीही वेळ लागो ती हात लावत नाही. "काका वर बघा, डाव्या कोपऱ्यात, अजून डावीकडं, हां तिथंच." पहिली फाईल सेव्ह करायला मला पाऊण तास लागला, पण ती माझी मी केली. माझे चार स्टार फक्त एवढ्यासाठी आहेत, बाकीचं सगळं जेमतेम.

माऊसचं सांगायचं तर पहिले दोन दिवस हालच. माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला पोचला, बाण अजून अर्ध्यातच, आता काय करायचं? मी खुर्चीच मागं घेत होतो. तो उचलून परत मधे ठेवायचा असतो हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार राव. चालत्या गाडीत, खंबाटकी घाटात, पुढच्या सीटला गुडघा टेकवून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलेला माणूस मी, आणि डबल क्लिक जमेना, दोन क्लिकच्या मधे माझा हात हलायचाच. तर एकदाच क्लिक करून एंटर दाबलं तरी तेच होतं, हे मॅडमनी दाखवलं आणि सुटलो. चष्म्याचं मात्र आधी सांगतो, दोन भागांचा चष्मा असेल तर मान वर करकरून दुखते, नुसता जवळचा असेल तर तो घेऊन जा. आणि इंटरनेटच्या पानावर अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबायचं, मोठं होतं.

मराठी टायपिंग दोन दिवस होतं, इन्स्क्रिप्ट, म्हणजे बटणांवर मराठी अक्षरं बसवायची एक पद्धत. त्याच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सातारा लिहायचं तर इंग्रजी बटणांवर एम ई एल ई जे ई, आमच्यातले एक अण्णा ते "मेलेजे" असं वाचून मोठ्यानं हसायचे, पण लक्षात राहिलं ते राहिलंच. खरी गंमत शेजारच्या काकूंची. त्या सरकारी ऑफिसातनं टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या, आम्हाला वाटलं या आता सगळ्यांच्या पुढं जाणार. पण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, इथं उलटं, अक्षर आधी. त्यांचं बोट काय ऐकेना. "किती" लिहायला घेतलं की आधी वेलांटी, आणि स्क्रीनवर ठिपक्यांचं एक रिकामं गोल, त्याच्या डोक्यावर वेलांटी. काकू त्या गोलाकडं असं बघायच्या जसं काय कुणी खोटं तिकीट दाखवलंय. बाराव्या दिवशीसुद्धा एक गोल आलाच.

पेंटमधे चित्र काढायला दोन दिवस घालवले ते मला आवडलं नाही, झोपडी आणि सूर्य काढायला मी काय बालवाडीत आहे का. हात बसायला असतं म्हणे. असेल. एक्सेलला मात्र मी खूष, एक बटण दाबलं की बेरीज, आमच्या वेळी रात्री डेपोत हिशोब जुळला नाही की पदरचे पैसे भरायला लागायचे.

कामाचं म्हणाल तर एसटीचं ऑनलाईन बुकिंग मी स्वतः करून बघितलं, बोरिवलीला पोरीकडं जायचं होतं. सगळ्या सीटा चित्रात दिसतात आणि मागच्या चाकावरच्या कुठल्या ते मला झोपेतही माहीत, त्या सोडून घेतली. ६५ झाली की अर्धं तिकीट, ७५ च्या पुढं मोफत, ते नीट निवडावं लागतं. पैसे मात्र मॅडमनी तिथल्या कंप्युटरवर भरू दिले नाहीत, म्हणाल्या सगळ्यांचं मशीन आहे, इथं बँकेचा पासवर्ड टाकायचा नाही, आणि ईमेल उघडलं तर उठताना लॉगआउट. पटलं.

सातबारा पण शिकवला. नुसता बघायला पैसे नाहीत, डिजिटल सहीचा १५ रुपये, आणि मी इतकी वर्षं एका सेंटरवर ५० देत होतो. एक दिवस मोबाईलचा होता, त्यात हयातीचा दाखला. आमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाली, त्याला नोव्हेंबरचीच सक्ती नाही, वर्षात कधीही दिला तरी पुढं वर्षभर चालतो, हे मला तिथं कळलं, तोवर दर नोव्हेंबरला बँकेत लाइनीत. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲपं घ्यायची, मग खिडकीपाशी उजेडात उभं राहून डोळे मिचकवायचे. अण्णांनी चारदा मिचकवले तेव्हा घेतलं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, फसलात तर लगेच १९३० ला फोन, हे मॅडमनी फळ्यावर मोठं लिहून ठेवलं होतं, ते बरं केलं.

आता तक्रारी. क्लास वरच्या मजल्यावर, जिना उभा आणि कठडा एकाच बाजूला, उतरताना डाव्या हाताला काहीच नाही. ज्येष्ठांचा क्लास वर ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, खाली पेपर वाचायची खोली अर्धी रिकामी असते. कंप्युटर ७ आणि आम्ही १२, म्हणजे जोडीनं बसायचं, आणि जोडीदार हौशी मिळाला की तुम्ही नुसते बघे. दोन कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलीत, शिकणाऱ्याला तसला कीबोर्ड देतात का? लाईट गेली की ट्यूब चालू राहते, कंप्युटर बंद, सातव्या दिवशी माझं अर्धं पत्र गेलं, तेव्हापासून दर दोन ओळींना कंट्रोल एस. आणि नवीन बॅच कधी ते फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, अहो ज्याला ते येत नाही त्याच्यासाठीच तर क्लास आहे ना. दारातल्या फळ्यावर लिहा की.

सोमवारी वाचनालय बंद असतं, बाकी कधीही जाऊन पुस्तकं देणाऱ्या खिडकीवर विचारा. झेरॉक्स घरनंच काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला दोन ते चार झोपतो.