डोक्याला मार लागल्यानंतरचा विसराळूपणा: कायरोप्रॅक्टर, फिजिओ की कॉग्निटिव्ह थेरपी?

जूनच्या पहिल्या पावसात माजिवड्याला दादाची स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, तरी डोकं दुभाजकावर आपटलं. एक-दोन मिनिटं तो शुद्धीवर नव्हता. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर ‘जीसीएस 15’ लिहिलेलं पाहून वहिनी म्हणाली, “पंधरापैकी पंधरा, पास झाले.”

तीन आठवड्यांनी तो ऐरोलीच्या ऑफिसात परत गेला आणि पहिल्याच आठवड्यात एकच बिल दोनदा एंटर केलं. संध्याकाळी घरी चहा ठेवून गॅलरीत जाऊन बसला, पातेलं करपलं. सकाळच्या लोकलमध्ये ऐरोलीला उतरायचं राहून रबाळ्याला पोचला. वर मान आखडलेली, डोकं जड, आणि चारचौघांत कुणी मोठ्याने बोललं की चिडचिड. मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकांनी हाडवैद्य सुचवला. ऑफिसातल्या एकाने कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणके ‘बसवून’ उपचार करणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवले, मान कटकन् वळवली की माणूस हसत उठतो असे. न्यूरोसर्जन म्हणाले, वेळ द्या. आम्ही चार महिने या तिन्ही-चारी दारांशी उभे राहिलो. तुमच्या घरात आज हाच प्रश्न असेल, तर आम्हाला काय दिसलं ते सांगते.

आधी त्या पंधरा गुणांबद्दल. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ती 1974 साली आली. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे, एवढंच ती मोजते. 13 ते 15 म्हणजे ‘सौम्य’ इजा, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. माणूस त्या घडीला किती जागा आहे हे त्यातून कळतं. महिन्याभराने हिशेब जमेल का, हे कळत नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, पण मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले असतील तर ते त्यात दिसत नाहीत. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग नाटक करतोय का’ हे वाक्य घरात कुणी म्हणत असेल तर आजच थांबवा. सौम्य इजा झालेले बहुतेक लोक काही आठवडे ते तीन महिन्यांत सावरतात. थोड्यांचं लांबतं. ही तुलना त्या लांबलेल्यांसाठी.

कायरोप्रॅक्टिक

हेच सगळ्यात आकर्षक वाटतं, म्हणून आधी घेते. 1895 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. पहिल्या रुग्णाच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याची गेलेली श्रवणशक्ती परत आली, असा त्यांचा दावा. म्हणजे मणका बसवायचा आणि दूरच्या अवयवाचं दुखणं बरं झालं म्हणायचं, ही सवय या पद्धतीला जन्मापासून आहे. आज तोच दावा नव्या शब्दांत येतो: मानेचा वरचा मणका सरळ केला की मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह मोकळा होतो, स्मरणशक्ती परत येते. याच्या बाजूने एकेकट्या रुग्णांच्या हकिकती आहेत, काही छोटे प्रयोग आहेत. पण डोक्याला मार लागलेल्यांची स्मरणशक्ती किंवा एकाग्रता कायरोप्रॅक्टिकने सुधारते, असं दाखवणारा भक्कम, तुलना करून केलेला अभ्यास नाही.

तरीही मी याला सरसकट थोतांड म्हणणार नाही, कारण मान खरोखर महत्त्वाची असते. ज्या धक्क्याने मेंदू हलतो त्याच धक्क्याने मानेलाही हिसका बसतो. मानेतून येणारी डोकेदुखी, गरगरणं, डोळ्यांपुढे धूसर होणं ही लक्षणं मेंदूच्या लक्षणांसारखीच दिसतात. रात्रभर मान ठणकत असलेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशी लक्ष लागेल कसं? मानदुखीवर हाताने केलेले उपचार आणि जोडीला व्यायाम, यांचा उपयोग होतो. मान सुटली, झोप लागली, की डोकंही थोडं बरं चालतं. कायरोप्रॅक्टिकचा प्रामाणिक हिस्सा एवढाच, आणि हेच काम फिजिओही करतो.

आता धोका. मानेला झटका देऊन आवाज काढण्याच्या उपचारानंतर मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. दुर्मीळ आहेत. उपचारामुळे किती आणि आधीच फाटत असलेल्या धमनीमुळे किती, यावर डॉक्टरांत वाद आहे. पण अपघातग्रस्तासाठी मुद्दा वेगळाच आहे: अपघातानेही ती धमनी फाटू शकते, आणि तिचं पहिलं लक्षण म्हणजे मानदुखी आणि डोकेदुखी. म्हणजे ज्या तक्रारीसाठी माणूस तिथे जातो, तीच तिथे न जाण्याची खूण असू शकते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टने मान आणि रक्तवाहिन्या तपासून, गरज असल्यास एमआरआय करून हिरवा कंदील दाखवेपर्यंत मानेला झटका नाही म्हणजे नाही. हे सलूनमध्ये मालिशीनंतर मान मोडून घेणाऱ्यांनाही लागू. दादाला ती सवय होती, वहिनीने सलूनवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं.

शिक्षणाचा प्रश्नही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात पूर्ण प्रशिक्षणासाठी चार वर्षांत किमान 4,200 तास धरले आहेत. भारतात मात्र कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) यांची महाराष्ट्रात परिषद आहे, नोंदणी क्रमांक असतो, तो मागता येतो. कायरोप्रॅक्टरची पाटी वाचून काही कळत नाही. पदवी कुठली, किती वर्षांची, हे विचारावंच लागतं.

आम्ही दोन कायरोप्रॅक्टरांकडे गेलो. पहिल्याने डिस्चार्जचे कागद उघडलेही नाहीत आणि 24 बैठकांचं पॅकेज समोर ठेवलं, आगाऊ पैसे भरले तर सूट. वाशीचा दुसरा मात्र अर्धा तास नुसता प्रश्न विचारत होता. शेवटी म्हणाला, “मानेचं बघेन, तेही झटका न देता. विसरण्याचं माझ्याकडे औषध नाही, ते दुसरीकडे दाखवा.” आम्ही त्याच्याकडे उपचार घेतले नाहीत, पण पुढचा रस्ता त्यानेच दाखवला.

फिजिओथेरपी

मानेचं आणि तोल जाण्याचं काम इथे होतं. कॅनडात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खेळताना डोक्याला मार लागून लक्षणं रेंगाळलेल्या 31 तरुणांचे दोन गट केले होते. ज्यांना मानेचे हाताने उपचार आणि तोलाचे व्यायाम दिले, त्यांच्यापैकी 73 टक्क्यांना आठ आठवड्यांत खेळायला परवानगी मिळाली. नेहमीच्या पद्धतीवर ठेवलेल्यांत फक्त 7 टक्के. प्रयोग छोटा आहे आणि रुग्ण तरुण खेळाडू होते, चाळिशीतले अकाउंटंट नव्हते. तरी दिशा स्पष्ट आहे.

कूस बदलताना किंवा वर बघताना खोली फिरते का? मग कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सुटलेले असू शकतात. डोक्याला मार लागल्यावर हे बरेचदा होतं, आणि डोकं ठराविक क्रमाने फिरवून एक-दोन बैठकांत बरंही होतं. एकच सांगणं: फिजिओ निवडताना ‘व्हेस्टिब्युलर’, म्हणजे तोल आणि चक्करेचं काम करता का, असं विचारा. गुडघ्याचा फिजिओ कितीही चांगला असला तरी तो इथे पुरत नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील आणि कामोठ्याच्या एमजीएममध्ये फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, तिथे चौकशीला सुरुवात करता येते.

कॉग्निटिव्ह थेरपी

नाव मोठं आहे, काम साधं आणि कंटाळवाणं. याचा व्हिडिओ कुणी पाठवणार नाही. पण विसरणं, गोंधळणं, एका वेळी दोन कामं न झेपणं या तक्रारी थेट हाताळणारी जागा हीच. आधी न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या कामाचा तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञ) स्मरण, लक्ष यांच्या काही तास चाचण्या घेतो. दादाच्या चाचण्यांत निघालं की स्मरणशक्ती फारशी बिघडलेली नाही, लक्ष बिघडलंय. जे नीट ऐकूच गेलं नाही, ते आठवणार कुठून? हे कळल्यावर घरातला निम्मा ताण गेला.

पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्टने गोळी नाही की यंत्र नाही, एक वही दिली. सगळं एकाच वहीत, चिठ्ठ्या बंद. फोनवर गजर. गॅस पेटवला की ओट्यापासून हलायचं नाही. काम सुरू करण्याआधी थांबायचं, काय करायचं ते मोठ्याने म्हणायचं, झाल्यावर तपासायचं. आठवडे लागतात. मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ खेळून माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, बिलं बरोबर भरायला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

अडचण मिळण्याची आहे. ठाण्यात हे काम जाणणारे थोडे, मुंबईत जास्त. केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांच्या कॉलेजांत ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खर्च कमी, पण घोडबंदरहून परळ गाठेपर्यंत गर्दी आणि आवाजाने रुग्णाचं डोकं संपलेलं असतं. पहिल्या खेपेला दादा थेरपीच्या खोलीत पोचला तेव्हा त्याच्यात उत्तर द्यायचीही ताकद नव्हती. मग आम्ही चाचण्या तिकडे केल्या आणि दर आठवड्याचं काम नौपाड्यातल्या एका बाईंकडे. त्या नामांकित नाहीत, पण रिक्षाने दहा मिनिटांवर आहेत. मला तरी अंतर हा उपचाराचाच भाग वाटतो.

मग निवडायचं कसं?

मुख्य तक्रार विसरण्याची असेल तर आधी चाचण्या आणि ऑक्युपेशनल थेरपी. मान आणि गरगरणं जास्त असेल तर फिजिओ. दोन्ही असेल, आणि बहुधा दोन्ही असतं, तर पहिल्या महिन्यात मान, झोप आणि चक्कर मार्गी लावून मग वही. झोप आणि मन उदास आहे का, हे डॉक्टरला वेगळं सांगा. त्यावर उपचार झाला तरी लक्ष सुधारतं. कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल, तर फक्त मानेसाठी, न्यूरॉलॉजिस्टच्या परवानगीने, झटका न घेता आणि पॅकेज न भरता. ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे सगळे उपचार एकाच छताखाली, अशी पाटी असलेल्या ठिकाणी एकच विचारा: न्यूरॉलॉजिस्टचं नाव काय, आणि तो माझे कागद कधी बघणार? उत्तर घोटाळलं तर चहा पिऊन परत या. मेडिक्लेममध्ये असे ओपीडी उपचार सहसा बसत नाहीत, तेव्हा बैठकीगणिक पैसे देणंच बरं.

काही गोष्टींना मात्र यातलं कुठलंच दार नाही, सरळ कॅज्युअल्टी. डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, गुंगी, फिट, एका बाजूची ताकद जाणं. आणि घरात आजी-आजोबा पडले असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आणि तीन-चार आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे वागू लागले, तर ‘वय झालं’ म्हणू नका. मेंदूवर हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं, आणि ते काढता येतं. त्या अवस्थेत मान वळवून घ्यायला नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दादा सध्या दुपारी दोनपर्यंत काम करतो. बिलं एंटर करताना टेबलावरचा फोन उलटा ठेवतो. मान पावसाळी हवेत अजून आखडते. ठाण्याहून गाडी सुटली की खिशातला गजर ठराविक मिनिटांनी थरथरतो, दिघा गाव मागे पडत असतं, आणि तो दाराकडे सरकतो.