मायनस दहावाली स्लीपिंग बॅग: घेण्याआधी आतलं चिटोरं वाचा

दादरहून ३,२०० ला घेतली, कव्हरवर मोठ्ठ्या अक्षरांत मायनस १० छापलेलं, दुकानदार वर म्हणतो साहेब बर्फात झोपा, घाम येईल. डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या बर्फाळ ट्रेकला नेली. घाम कसला, रात्रभर दात वाजत होते, बायकोने जबरदस्तीने कोंबलेली शाल नसती तर माझं काही खरं नव्हतं. (आम्ही मुंबईकर १७ डिग्रीला मफलर काढणारे, हे मान्य.)

घरी येऊन आत शिवलेलं चिटोरं वाचलं. कम्फर्ट ८ डिग्री, लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल तो आकडा) ४, एक्स्ट्रीम मायनस १०. आता एक्स्ट्रीम म्हणजे काय, तर सहा तास त्यात जेमतेम जीव तगेल, बोटांना हिमदंश झाला तरी चालेल असा आकडा! झोप लागायची तर कम्फर्टच बघायचा, आणि नेमका तोच बारीक अक्षरात.

त्या रात्री जागा होतो तेव्हा सारखी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली ती पोरं आठवत होती, १९७२ चं उरुग्वेचं रग्बी टीमवालं विमान तिथे बर्फात कोसळलं, ४५ जण होते. बाहेर पडून मदत आणायची तर रात्री उघड्यावर काढाव्या लागणार, आणि आधी एकदा उघड्यावर झोपून तिघं गोठून मरता मरता वाचलेले. मग विमानाच्या शेपटीतलं इन्सुलेशन काढून त्यांनी तांब्याच्या तारेने स्लीपिंग बॅग शिवली, त्यातल्या कार्लितोस पाएसला आईने लहानपणी शिवण शिकवलेलं ते तिथे कामी आलं. मदत आणायला निघालेले तिघं त्या एकाच बॅगेत झोपायचे! तिसऱ्या दिवशी एक जण परत फिरला म्हणजे उरलेल्या दोघांना खाणं पुरेल, आणि ते दोघं, पारादो आणि कानेसा, दहा दिवस चालून खाली माणसांत पोचले. ७२ दिवसांनी १६ जण जिवंत सुटले. त्या बॅगेवर कुठला आकडा छापलेला नव्हता.

बाकी माझ्या बॅगेची लांबी चांगली, सहा फुटाचा माणूस मावतो, गुंडाळून छोटी होते. झिप मात्र गुडघ्यापाशी कापडात अडकते, अंधारात शिव्या निघतात. आणि खाली मॅट हवीच, अंगाखाली भराव दबतो मग जमिनीची थंडी सरळ पाठीत शिरते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

भंडारदरा, हरिश्चंद्रगडाला बिनधास्त न्या, तिथे मस्त आहे. बर्फासाठी नको. दोन स्टार, त्यातला एक लांबीचा.