ठाण्यातून सह्याद्री: फ्री डिश घ्यावी का?

महिन्याचं भाडं शून्य आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरच्या संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या रोज समोर. एवढ्यासाठीसुद्धा फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह टीव्ही सेवा, घेतली तर छत्री (डिश अँटेना) आणि बॉक्सचे पैसे वसूल होतात. अट एकच, घराला आग्नेयेचं आकाश हवं. ते नसेल तर बॉक्स कितीही भारी आणला तरी उपयोग नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीतून सुरू झालं. दिल्लीनंतरचं ते देशातलं दुसरं केंद्र. 1976 पर्यंत दूरदर्शन आकाशवाणीचाच भाग होतं. तेव्हा ठाण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना वरळीच्या 300 मीटर उंच मनोऱ्याकडे तोंड करून असायचे आणि डोंगरावर आपटून परतलेल्या लहरींमुळे पडद्यावर माणसामागे त्याचीच सावली दिसायची. मराठी उपग्रह वाहिनी 15 ऑगस्ट 1994 ला आली, ‘सह्याद्री’ हे नाव तिला 2000 साली मिळालं.

आता वरळीचं चित्र ठाण्यात पोचतं ते लांबचा वळसा घेऊन. वाहिनी दिल्लीत तोडापूरच्या केंद्रात जाते, तिथून केयू बँड या लहरींच्या पट्ट्यात जीसॅट 15 या उपग्रहावर आणि सुमारे 36 हजार किलोमीटर खाली आपल्या छत्रीत. हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. ठाण्यातून बघितलं तर होकायंत्रावर साधारण 131 अंश आणि क्षितिजापासून 57 अंश वर. म्हणजे चांगलाच उंच. त्यामुळे समोरचा टॉवर बघून लगेच हिरमुसू नये. आपल्या छत्रीपेक्षा तो जितका उंच, त्याच्या साधारण दोन तृतीयांशाहून जास्त अंतरावर असेल तर आड येत नाही. 60 मीटर उंच इमारत 40 मीटरवर असली तरी तळमजल्यावरून सिग्नल मिळतो. खरी अडचण वरच्या मजल्याच्या स्लॅबची. छत्री बाल्कनीच्या आत भिंतीला ठोकली की स्लॅब आकाश झाकतो, म्हणून ती कठड्याच्या बाहेरच्या कडेला हवी किंवा गच्चीवर. सोसायटीची परवानगी आधी काढा, नंतर वाद नको.

जागा तपासायची सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नव्हे, सूर्याच्या रेडिओ लहरींचा गोंगाट एलएनबीत, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीत, शिरतो. कोणाला बोलवू नका.) मोबाइलचं होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ चुकीची दिशा दाखवतं, त्यापेक्षा हे ऊन जास्त विश्वासाचं.

60 सेंटीमीटरची छत्री पुरते. ती ऑफसेट जातीची, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली असते, म्हणून प्रत्यक्षात आकाशाकडे बघत असूनही थाळी बरीच उभी दिसते. इथेच लोक फसतात आणि ती उगाच मागे झुकवतात. बॉक्समध्ये एलएनबी 9750/10600, फ्रिक्वेन्सी 11590, सिम्बॉल रेट 29500, व्हर्टिकल असं भरा आणि मग छत्री केसभर केसभर हलवा. लक्ष ‘क्वालिटी’च्या पट्टीवर ठेवायचं. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी छत्री भलतीकडे असली तरी भरलेली दिसते, तिच्यावर जाऊ नका. क्वालिटी सापडली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून बघा, आणखी वाढते. बॉक्स एमपेग 4 चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या, त्यात जुन्या एमपेग 2 च्या वाहिन्याही दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, यादी बदलली की पुन्हा स्कॅन करावं लागतं.

पावसाळ्यात जुलैच्या मुसळधार सरीत चित्र चौकोनी तुकडे होऊन थांबतं. केयू बँड पावसात शोषला जातो, त्याला इलाज नाही, सर ओसरली की चित्र येतं. पण पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नसेल तर पाणी केबलच्या टोकाच्या एफ कनेक्टरमध्ये शिरलंय असं समजा. एलएनबीखाली केबलला एक सैल वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आणि कनेक्टरवर रबरी सीलिंग टेप गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. खाडीकडच्या भागात, कळवा किंवा कोपरीला, क्लॅम्पचे नट लवकर गंजतात आणि वाऱ्यात छत्री हळूच सरकते. नट स्टेनलेस स्टीलचे वापरा.

वाहिनीबद्दल मत विचाराल तर बातम्यांसाठी पैकीच्या पैकी गुण. जिल्ह्याजिल्ह्यांच्या बातम्या येतात, निवेदन स्वच्छ मराठीत असतं, एकमेकांवर ओरडणारी माणसं नसतात. शेतीचे कार्यक्रम तर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड-शहापूरकडे आजही कामाचे आहेत. जुन्या कार्यक्रमांचं पुनर्प्रसारण मात्र फार होतं, नव्या मालिकांची सवय असलेल्या घरात दुसरा पर्याय लागेलच.

आग्नेयेचं आकाश नसेल तर केबलवर सह्याद्री बघा. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलचालकाला 1995 च्या कायद्याने बंधनकारक आहे. सह्याद्रीसाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.