सिव्हिलायझेशन बियॉन्ड अर्थ : आठ महिने आणि सव्वादोनशे तास खेळून झाल्यावर

गेम जुना आहे हे मलाही माहितीये, २०१४ चा, पण मी घेतलाच गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये, तोपर्यंत याच मालिकेतल्या सिव्हिलायझेशन ५ वर, म्हणजे सिव्ह ५ वरच पडून होतो. पहिल्या पंधरा दिवसांत रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते, तीन महिन्यांनी लिहिला असता तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता डोकं थंड आहे म्हणून बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिव्हिलायझेशन ही एकेक चाल (टर्न) खेळत संस्कृती उभी करायच्या कॉम्प्युटर गेमची मालिका, तिच्यात १९९१ पासून जिंकायचा एक रस्ता असा की यान बांधायचं आणि अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे धाडायचं, यान पोचलं की गेम संपला. हा गेम तिथून पुढे सुरू होतो. पृथ्वीची पार वाट लागलीये, नेमकी कशाने ते धड सांगतच नाहीत, नुसतं 'द ग्रेट मिस्टेक' म्हणतात, आणि मला ते जाम आवडलं, घरातल्या जुन्या भानगडीबद्दल मोठी माणसं कशी "ते झालं ना, तेव्हा" एवढंच म्हणून विषय बदलतात, तसं. वाचलेल्यांनी यानं पाठवलीत, त्यातलं एक आपलं, आणि उतरायचंय अशा ग्रहावर जिथे आपल्याला कोणी बोलावलेलं नाही.

सुरुवातीला पथक निवडायचं. अमेरिकन आहेत, ब्राझीलवाले, आफ्रिकावाले, रशियाकडचे, आणि एक कविथन प्रोटेक्टोरेट, म्हणजे आपल्या बाजूचे, प्रमुख कविता ठाकूर. नाव बघून डोळे झाकून तीच निवडली. तिची खासियत म्हणजे शहरांची हद्द दुप्पट वेगाने पसरते, थोडक्यात शेजाऱ्याचा बांध कोरण्यात एक नंबर, तेव्हा आपलंच माणूस आहे याबद्दल शंका राहिली नाही 😄 मग यानात लोक कोण न्यायचे तेही ठरवायचं, शास्त्रज्ञ, इंजिनिअर, कलाकार, बडे लोक का निर्वासित. मी कायम निर्वासित घेतो, प्रत्येक शहराला जास्तीचं अन्न मिळतं. सामानात मशिनरी घ्या, पहिल्या दिवसापासून एक वर्कर हाताशी असतो, नवख्याला तेच बरं.

पहिल्या शंभर टर्नसाठी पैसे वसूल. एक शहर, एक एक्सप्लोरर, बाकी सगळा नकाशा झाकलेला. कुठे पडलेलं सॅटेलाइट सापडतं, कुठे एलियन प्राण्याचा भलामोठा सांगाडा, कुठे कोणाची तरी ओस पडलेली वस्ती, आणि एक्सप्लोररला तिथे पाच टर्न उकरत बसवायचं. मधे हिरवट धुकं पसरलेलं असतं, मायाझ्मा म्हणतात त्याला, त्यात उभं राहिलं की दर टर्नला तब्येत झिजत जाते. म्हणजे खजिना समोर दिसतोय पण तिथवर जाऊन परत येण्याइतका जीव पोराच्यात आहे का हा हिशोब, आणि हा हिशोब करताना रात्रीचे दोन कसे वाजतात कळत नाही. तेवढ्यात बाकीची पथकं एकेक करून उतरतात, "आम्हीपण आलो" असा मेसेज येतो, आणि आपण एकटे नाही याचा आनंद साधारण तीन टर्न टिकतो.

आता सीज वर्मबद्दल सांगायलाच पाहिजे. टेकडीएवढी अळी, जमिनीत शिरते, बाहेर येते, आणि तिच्या वाटेत जे येईल ते उद्ध्वस्त. माझ्या पहिल्या डावात ती शहराच्या उत्तरेकडून आली. मी सिव्हच्या सवयीने दोन सोल्जर पाठवले, एक जागीच मेला, दुसरा अर्धा होऊन मागे पळाला, आणि ती बया माझी तीन शेतं आणि एक खाण तुडवत आरामात फिरत राहिली. वर्कर शेत दुरुस्त करणार, ती परत तुडवणार, असे वीस-एक टर्न गेले. आमच्याकडे रानडुकरं मक्यात शिरतात तेव्हा चुलता जसा बांधावर हताश उभा राहतो तसा मी स्क्रीनसमोर. नंतर अक्कल आली की या ग्रहावर पहिला नियम म्हणजे विनाकारण डिवचू नये. त्यांची वारुळं फोडत सुटलात तर सगळे एलियन तुमच्यावर चिडतात, गप्प राहिलात तर ते बाजूने निघून जातात (बहुतेक वेळा). आणि अल्ट्रासॉनिक फेन्स, म्हणजे एलियनना लांब ठेवणारं कुंपण, लवकर बांधा. त्याची एक क्वेस्ट (छोटी कामगिरी) येते, तिच्यात तुमच्या व्यापारी गाड्यांना एलियन हात लावणार नाहीत असा पर्याय असतो, तो आंधळेपणाने निवडा.

टेक्नॉलॉजी, म्हणजे एकेक शोध लावत जायचं ते, इथे झाडासारखी नाही, जाळ्यासारखी आहे, मधून निघून कुठल्याही दिशेला जाता येतं. पहिल्यांदा बघून घेरी येते, माझे सुरुवातीचे दोन डाव नुसते भरकटण्यात गेले. सोपा उपाय सांगतो, तीन वाटांपैकी एक आधी ठरवा : हार्मनी म्हणजे ग्रहाशी जुळवून घ्यायचं, प्युरिटी म्हणजे आम्ही माणूस आहोत आणि माणूसच राहणार, सुप्रीमसी म्हणजे शरीरात यंत्रं बसवत सुटायचं. जी वाट धराल तशी सैन्याची रूपं बदलतात, हार्मनीवाले पुढे पुढे एलियन प्राणीच लढाईत उतरवतात, आणि ज्या धुक्यात आधी मरत होतो त्याच धुक्यात बरे होतात. हे सुचलं त्याला सलाम.

तिथून पुढे मात्र रडगाणं. दीडशेव्या टर्नच्या आसपास आठ-दहा शहरं झाली की गेमचा तलाठी होतो. ही गाडी कुठे पाठवू, त्या वर्करला काय काम देऊ, आरोग्य का घसरलं, सॅटेलाइटची मुदत संपून ते पडलं आता दुसरं सोडा. प्रत्येक टर्नला दहा प्रश्न आणि त्यातल्या आठांनी काही फरक पडत नाही. बाकीच्या नेत्यांशी बोलणं मूळ गेममध्ये अगदीच कोरडं आहे. २०१५ ला रायझिंग टाइड नावाचं एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायचा वाढीव भाग) आलं त्यात ते बरंच सुधारलंय, आदर आणि भीती असे दोन हिशोब प्रत्येक नेत्याकडे असतात, पण मग ते सारखी टोमणे मारायला लागतात, सैन्य कमी केलंस, हेर का पाठवलास, एखाद्या लग्नात सगळ्या आत्या एकदम भेटाव्यात तसं. रायझिंग टाइडमधली खरी मजा म्हणजे पाण्यावरची शहरं. ती आपसूक पसरत नाहीत, अख्खं शहर उचलून नकाशावरच्या पुढच्या घरात (टाइलवर) सरकवायचं आणि जागा धरायची. माझे मधले दोन महिने फक्त यावर गेले. त्याच काळात लॅपटॉपचा फॅन मिक्सरसारखा ओरडायला लागला म्हणून एका दुकानात दिला, त्याने न विचारता फॉरमॅट मारला आणि दोन सेव्ह गेले, पण तो राग गेमवर काढत नाही. जुना लॅपटॉप असेल तर छोटा नकाशा घ्या एवढंच.

शेवट पाच प्रकारे होतो. सुप्रीमसीचा शेवट असा की गेट बांधून पृथ्वीवर उलटं सैन्य पाठवायचं, तिथल्या लोकांना 'मुक्त' करायला. मला तो झेपला नाही, एकदाच केला. प्युरिटीचा 'प्रॉमिस्ड लँड' मी तीनदा केला. आधी सॅटेलाइट सोडून पृथ्वीशी संपर्क जोडायचा, मग एक्सोडस गेट बांधायचं, आणि त्यातून मागे राहिलेले लोक यायला लागतात, त्यांच्या २० तुकड्या आपल्या हद्दीत वसवायच्या. वसल्या की जिंकलात. एक चित्र, चार ओळी मजकूर, संपलं. एवढ्या तासांनंतर चार ओळी! गेमचा सगळ्यात मोठा दोष हाच म्हणेन मी.

पण ते वसवणं. पहिल्यांदा गेटमधून तुकडी आली तेव्हा माझं शहाणपण बघा, नदीकाठची शेतं माझी, जनरेटर माझे, तिथे कशाला, म्हणून त्यांना नेऊन टाकलं दक्षिणेच्या उजाड पट्ट्यात. दुसरी आली, तिथेच. सातवी-आठवी टाकताना हात थांबला. माझ्या आजीचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. नवं गावठाण मिळालं ते माळावर, कुदळ मारली की मुरूम. पाणी आमच्या गावावरनं गेलं आणि ऊस दुसऱ्यांचा, हे ती शेवटपर्यंत म्हणायची, आणि उन्हाळ्यात धरण आटून पळसदेवचं जुनं देऊळ वर आलं की तिला नेऊन दाखवावं लागायचं. आणि इथे मी रात्री एक वाजता चहा पीत पुनर्वसन अधिकारी होऊन बसलेलो, तेसुद्धा यानात निर्वासित भरून आणलेल्या लोकांचा पुढारी. तो डाव तसाच पूर्ण केला, वीसच्या वीस माळावर.

घ्यायचा असेल तर सेलमध्ये, रायझिंग टाइडसकट, नुसता मूळ गेम घेऊ नका. सिव्ह ५ चे हजार तास झालेत आणि कंटाळा आलाय अशांना चालेल, गोष्ट आणि पात्रं हवी असणाऱ्यांनी नादी लागू नये. साडेतीन देतो.

तिसऱ्यांदा प्रॉमिस्ड लँड केलं तेव्हा पहिल्या दहा तुकड्या नदीकाठी बसवल्या, माझी चांगली शेतं होती तिथेच. शेवटी तेच चित्र, त्याच चार ओळी.