15 एचपी आउटबोर्डवर पाणी वेगळं करणारा पेट्रोल फिल्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम हा फिल्टर दोन सिलिंडर, दोन स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या 15 एचपी आउटबोर्डवर (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) चालला. होडी देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात, टाकी 24 लिटरची सुटी, पाईप आतून 8 मिमीचा. फिल्टर म्हणजे वर अ‍ॅल्युमिनियमचं डोकं, त्याला फिरवून बसवायचा 10 मायक्रॉनचा एलिमेंट (पेट्रोल गाळणारा भाग), खाली पारदर्शक वाटी आणि वाटीला पाणी सोडायचा कॉक. घ्यावा का? घ्यावा, आणि तो या वाटीसाठीच. वाटी नसलेला फिल्टर स्वस्त मिळतो, पण त्यात पाणी किती साठलंय ते इंजिन गचके द्यायला लागल्यावरच कळतं. कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. तिथे इंजिन बंद पडलेलं कुणालाच परवडत नाही.

पाण्याचा त्रास हल्ली वाढलाय त्याला कारण आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकांत मर्यादा 10 टक्क्यांची दिलेली असते. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण ठरावीक प्रमाणापर्यंतच. अर्धी टाकी दमट हवेत बराच काळ पडून राहिली किंवा झाकणातून पाणी गेलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. टू-टी ऑइलचा (पेट्रोलमध्ये मिसळायचं दोन स्ट्रोकचं ऑइल) रंग वरच्या थरात राहतो आणि खाली फिकट, पाण्यासारखा थर दिसतो. त्या खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. दोन स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे 50:1 ला लिटरमागे 20 मिली, पूर्ण टाकीला 480 मिली), त्यामुळे तो थर ओढला गेला तर इंजिन बंद पडण्यावर भागत नाही, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा फिल्टर मोकळं पाणी अडवतो, पेट्रोलमध्ये विरघळलेलं अडवत नाही. टाकीत थर पडला असेल तर ते पेट्रोल काढून टाकणं हाच उपाय. फिल्टरवर भरवसा ठेवून ते जाळू नका.

फिल्टरने स्वतःहून दोन त्रास दिले. पहिला पहिल्याच महिन्यात: इथेनॉलने जुन्या टाकीचा आणि पाईपचा मळ सोडवला आणि वीस तासांत एलिमेंट चोंदला. म्हणून बसवताना एक जादा एलिमेंट घेऊन ठेवा. त्यानंतर 100 तासांना बदलणं पुरलं. दुसरा त्रास हवेचा. फिल्टर लावला म्हणजे लाईनला दोन निपल (पाईप अडकवायच्या नळ्या) आणि चार-पाच जोड वाढले. इंजिन ओढत असताना लाईनमध्ये दाब कमी असतो, त्यामुळे सैल जोडातून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. यासाठी फिल्टर बल्बच्या (पाईपमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी गोळा) पुढे, इंजिनच्या बाजूला बसवा. मग इंजिन बंद असताना बल्ब कडक होईपर्यंत दाबला की जोडांवर उलटा दाब येतो आणि सैल जागा ओली होते. निपलच्या आट्यांना पांढरी टेप लावू नका, तिचे धागे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जातात. पेट्रोलला टिकणारा सीलंट लावा. पाईपला तार गुंडाळायची सवय सोडा, स्टीलच्या क्लिपा वापरा. एलिमेंटच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बास. पाना लावलेला एलिमेंट पुढच्या वेळी निघत नाही.

फिल्टर बसवला तरी दोष शोधायचा तो बल्ब बघूनच. बल्ब उभा धरा, त्यावरचा बाण वर, नाहीतर आतले वाल्व नीट बसत नाहीत. चालत्या इंजिनवर बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय, टाकीतली जाळी भरलीय किंवा पाईप आतून सुटलाय. या शेवटच्या दोषाने भलेभले फसतात. पाईप बाहेरून नवा दिसतो, पण आतलं अस्तर फुगून सुटलेलं असतं आणि जोरात ओढ लागली की पडद्यासारखं आडवं येतं. सावकाश चालताना काही कळत नाही, पूर्ण रेसला दोन मिनिटांत इंजिन मरतं. शंका असेल तर पाईप उभा चिरून बघा.

कितीही दाबून बल्ब कडकच होत नसेल तर टाकीच्या बाजूने हवा येतेय, बल्बचा वाल्व गेलाय किंवा फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बसत नाही; नीडलचा दोष असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळतं. बल्ब कडक आहे आणि तरी इंजिन उपाशी, तर दोष पुढे आहे. इंजिनकडचा पाईप काढून बाटलीत बल्ब दाबा. सलग जाड धार आली तर फिल्टर मोकळा आहे, धार बारीक झाली तर एलिमेंट बदला. इंजिनला पाईप जोडणाऱ्या कनेक्टरची ओ-रिंगही (रबरी कडी) बघा. केसाएवढी चीर हवा ओढायला पुरते.

इंजिन दम टाकत असताना कुणीतरी बल्ब दाबावा. लगेच सावरलं तर पंप कमजोर आहे किंवा लाईनमध्ये अडथळा आहे. काहीच फरक पडला नाही तर जेट किंवा इग्निशनकडे जा. या इंजिनांत पेट्रोल पंपाचा डायफ्राम (पातळ पडदा) क्रँककेसच्या (पिस्टनखालची बंद पेटी) दाबावर हलतो. तो उजेडासमोर धरला की टाचणीएवढं भोकही दिसतं. फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि एका सिलिंडरचा प्लग सतत ओला निघतो. डायफ्राम, वाल्व आणि गॅस्केट एकाच किटमध्ये येतात, सगळं एकदम बदला. जेटमध्ये तार घालू नका. भोक वाढलं की मिश्रण बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवा यांनी काम होतं.

आठ महिन्यांनी वाटी स्वच्छ आहे, कॉक गळत नाही. डोक्याचा रंग मात्र बोल्टांभोवती फुगलाय: स्टीलचे बोल्ट, अ‍ॅल्युमिनियम आणि खारं पाणी. बसवतानाच बोल्टांना ग्रीस लावलं असतं तर हे टळलं असतं. वाटी उन्हाने किंचित पिवळी पडलीय, पण पाण्याची रेषा अजून स्पष्ट दिसते. वाटी रोज सकाळी बघायची, दर आठवड्याला कॉक उघडून थोडं पेट्रोल डब्यात काढायचं, खाडीत नाही. किनाऱ्याला लागल्यावर कनेक्टर काढायचा आणि हवेचा स्क्रू बंद करायचा. कनेक्टर तसाच राहिला तर उन्हात टाकीचा दाब वाढून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ढकललं जातं. 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आधी टाकी रिकामी करून सुकवायची, फ्लोटच्या भांड्याचा स्क्रू काढून उरलंसुरलं पेट्रोल सोडायचं, एलिमेंट फेकायचा. नवीन एलिमेंट पाकिटातच ठेवायचा. होडी परत पाण्यात जाईल त्या दिवशी बसवायचा.