हलका लॅपटॉप की ताकदवान? अंबड-सातपूरच्या शॉप फ्लोरवर एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

मी फिक्स्चर डिझाइनचं काम करते, स्वतंत्रपणे, घरून. व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) जॉब, म्हणजे कापायचा भाग, पकडायची फिक्स्चर्स, भोक नेमक्या जागी पाडायची ड्रिल जिग, माप तपासायची चेकिंग गेज असली कामं. ग्राहक म्हणजे नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतली लहान-मध्यम युनिट्स, अधूनमधून सिन्नर. सकाळ घरी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि दुपार कुणाच्या तरी शॉप फ्लोरवर.

जुना लॅपटॉप बदलायची वेळ आली तेव्हा समोर दोन मशीन होती, दोन्ही लाखाच्या आतबाहेर. एक 14 इंची, सव्वा किलोचं, कोअर अल्ट्रा 7 155एच प्रोसेसर, 32 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. दुसरं 16 इंची, जवळजवळ अडीच किलोचं, 8 जीबीच्या आरटीएक्स 4060 कार्डाचं, ज्याला दुकानदार सरळ ‘गेमिंगवाला’ म्हणतात. पहिलं मी घेतलं. दुसरं माझ्या चुलत भावाने घेतलं, तो आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांना थ्रीडी व्ह्यू करून देतो. एकाच घरात दोन्ही असल्यामुळे माझ्या फाइल्स मी दोन्हींवर भरपूर चालवल्या आहेत. कंपनीची नावं देत नाही, कारण मॉडेल दर वर्षी बदलतात आणि मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या मशीनबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगते. तुमचं काम जिथे अडतं, तिथे लॅपटॉप सोबत हवा असेल तर हलका घ्या, पण रॅममध्ये काटकसर करू नका. काम टेबलावरच होत असेल तर वजनाचा विचार डोक्यातून काढून टाका.

वजनाचं आधी बोलू, कारण जाहिरातीतला आकडा अर्धाच असतो. गेमिंगवाल्याचा अ‍ॅडॅप्टर 230 वॉटचा, तो घरी ठेवून जाता येत नाही, आणि तो धरला की सॅक तीन किलोच्या पुढे जाते. त्यात माझं व्हर्नियर, सॅम्पल जॉब आणि ड्रॉइंगची फाइल. माझ्या लॅपटॉपचा 65 वॉटचा चार्जर टाइप-सी आहे, सगळं मिळून दीड किलोच्या आसपास. इंदिरानगरहून पपया नर्सरीपर्यंत स्कूटरवर, त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे जागोजागी वळवलेला रस्ता, हा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो. वजन जास्त असलं की आणखी एक गोष्ट होते: आपण लॅपटॉप न्यायचं टाळायला लागतो. ‘आज फक्त माप घ्यायचंय, फोन पुरे’ असं म्हणून निघतो आणि नेमकं त्याच दिवशी मॉडेल उघडून दाखवायची गरज पडते. आता तो कायम सॅकमध्ये असतो, विचारच करावा लागत नाही.

आणि मॉडेल जागेवर उघडता येणं हाच माझ्या कामाचा गाभा आहे. फिक्स्चरची ट्रायल सुरू असते, सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, म्हणतो, “ताई, ही पिन दोन एमएम आत घ्या ना, जॉब बसताना घासतोय.” पूर्वी मी वहीत लिहून घ्यायचे, घरी येऊन बदल करायचे, दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग पाठवायचे. तोवर मशीन दुसऱ्या जॉबला लागलेलं असायचं. आता मी तिथेच, टूल क्रिबच्या (हत्यारं ठेवायच्या खोलीच्या) कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून लोकेटिंग पिन हलवते आणि क्लॅम्पचा हात कुठे आदळतो का ते सेटरलाच दाखवते. तो स्क्रीनवर बोट ठेवून सांगतो, “इथून कटर येतो, इतकी जागा सोडा.” हे संभाषण फोनवर होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर नाहीच नाही. सातपूरच्या एका युनिटमधली अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगची फिक्स्चर अशीच उभ्या उभ्या सुधारली आणि त्याच शिफ्टमध्ये पिनची नवी प्लेट मशीनवर चढली.

यासाठी लागणारी ताकद फार नाही. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल बदलून रीबिल्ड होणं, म्हणजे नव्या मापांनी परत तयार होणं, हे बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे सोळा कोअर आहेत म्हणून पार्ट सोळापट लवकर होत नाही. महत्त्वाचा असतो एका कोअरचा वेग, आणि तो दोन्ही मशीनवर जवळपास सारखा जाणवतो. माझी नेहमीची फिक्स्चर असेंब्ली, बोल्ट-डॉवेल धरून शंभर-सव्वाशे पार्टची, हलक्यावर सहज फिरते. ग्राहकाने सगळी प्रॉडक्शन लाइन एकाच फाइलमध्ये पाठवली तर मात्र फिरवताना अडखळते, तिथे पार्ट लाइटवेट मोडमध्ये (त्यांची थोडीच माहिती लोड करून) उघडून काम भागवते.

रॅम आणि बॅटरी हे दोन्ही यात मोलाचे ठरले. बहुतेक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 16 जीबीत सॉलिडवर्क्स चालतं, पण सोबत ब्राउझर, पीडीएफ आणि ग्राहकाची स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) उघडली की चरफडत बसावं लागतं. 32 जीबीवर हे कधी जाणवलं नाही. गेमिंगवाल्यात रॅमचे स्लॉट मोकळे होते, भावाने नंतर वाढवली. ही त्या प्रकाराची मोठी जमेची बाजू आहे.

बॅटरीचं गणित साधं आहे, ते घेताना करून बघा. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात. माझी 70 ची आहे, साधं मॉडेलिंग करताना मशीन सरासरी दहा-बारा वॉट खातं, म्हणजे सहा तास निघतात. भावाची 90 ची आहे, पण पूर्ण जोरात त्याच्या ग्राफिक कार्डालाच 140 वॉटपर्यंत लागतात, वर प्रोसेसर वेगळा. ती बॅटरी तो भार घेऊ शकत नाही, म्हणून प्लग काढला की मशीन स्वतःच जोर कमी करतं. म्हणजे ज्या ताकदीसाठी जास्तीचं वजन उचललं, ती शॉप फ्लोरवर, प्लगपासून लांब, मिळतच नाही. विमानात साधारण 100 वॉट-अवरची मर्यादा असल्याने मोठ्या लॅपटॉपमध्येही बॅटरी त्याच्या आतच ठेवतात, तेव्हा यात लगेच फरक पडेल असं वाटत नाही. दुपारी लाइट गेली आणि कंपनीत जनरेटर फक्त मशीनना असला, तरी माझं काम थांबत नाही.

आता शॉप फ्लोरबद्दल एक गोष्ट, जी कुठल्याही रिव्ह्यूत वाचायला मिळाली नाही. लॅपटॉपच्या झाकणात आणि स्पीकरमध्ये चुंबकं असतात. ग्राइंडिंग सेक्शनजवळ जरा वेळ उघडा ठेवला की कीबोर्डच्या खालच्या कडेला, नेमकं जिथे आत चुंबक आहे तिथे, लोखंडाचा बारीक कीस मिशी फुटल्यासारखा उभा राहतो. फुंकर मारली तर तो कीबोर्डमध्ये जातो. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलायचा. हा कीस वीजवाहक असतो, आत बोर्डावर गेला तर शॉर्ट होऊ शकतो, म्हणून पंख्याचा प्रश्न इथे फार गंभीर आहे. गेमिंग मशीन खालून भरपूर हवा ओढतं, तीच त्याची गरज आहे, आणि हवेबरोबर कूलंटचा तेलकट धूर आणि कीसही ओढतं. माझ्या मशीनचा पंखा हलक्या कामात बहुतेक वेळ बंद किंवा मंद असतो. तरीही मी ग्राइंडरपासून लांबच बसते, आणि मशीनच्या टेबलावर लॅपटॉप कधीच ठेवत नाही.

उन्हाळा मात्र हलक्याला जड गेला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बारीक बॉडीला उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही. या प्रोसेसरची बेस पॉवर 28 वॉट आहे आणि क्षणभरासाठी तो 115 वॉटपर्यंत जाऊ शकतो. बारीक बॉडीत तो क्षण लगेच संपतो. फाइल उघडताना, रीबिल्ड करताना वेग मिळतो, कारण ते काम काही सेकंदांचं असतं. पण प्लेट क्लॅम्पच्या जोराने किती वाकते हे बघायला बारीक मेशवर (मॉडेलचे छोटे छोटे तुकडे पाडून) स्ट्रेस अ‍ॅनालिसिस लावलं की सुरुवातीचा वेग टिकत नाही. हळूहळू प्रोसेसरचा क्लॉक स्पीड उतरतो, तळवे ठेवायची जागा गरम होते आणि पंखा घोंगावत राहतो. तेच अ‍ॅनालिसिस भावाच्या मशीनवर निम्म्याहून कमी वेळात होतं, आणि त्याचा वेग शेवटपर्यंत तोच राहतो. रेंडरिंगची तर तुलनाच नको. त्याचे बंगल्याचे व्ह्यू माझ्या मशीनवर करायचं म्हटलं तर रात्र जाईल. त्याने तो लॅपटॉप घेतला हे अगदी योग्यच झालं.

म्हणून मी अ‍ॅनालिसिस रात्री लावून झोपते, घाईचं असेल तर भावाकडे देते. ज्यांचं अर्धं काम सिम्युलेशन, मोल्ड-फ्लो (साच्यात प्लॅस्टिक कसं भरतं ते बघणं) किंवा कॅमचे मोठे टूलपाथ (मशीनच्या कटरचे मार्ग) आहे, त्यांना हे परवडणार नाही. त्यांनी गेमिंगवाला किंवा सरळ डेस्कटॉप घ्यावा. ग्राफिक कार्ड घेताना मात्र एक लक्षात ठेवा: सॉलिडवर्क्स अधिकृतपणे वर्कस्टेशन कार्डांनाच प्रमाणपत्र देतं. गेमिंग कार्डावर सॉफ्टवेअर चालतं, पण मॉडेल खऱ्यासारखं दाखवणाऱ्या रिअलव्ह्यूसारख्या गोष्टींना अधिकृत सपोर्ट नाही. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही.

स्क्रीनबद्दल थोडं. 14 इंचावर ए3 ड्रॉइंग बघताना तिघं मागे उभे राहिले की त्रास होतो, घरी म्हणून 24 इंची मॉनिटर जोडला आहे. पॅनल मॅट आणि 400 निट उजेडाचा आहे हे बरं झालं. दुकानात चकचकीत ओएलईडी फार सुंदर दिसला होता, पण शेडच्या ट्यूबलाइट त्यात आरशासारख्या दिसतात. कीबोर्ड चांगला आहे. नंपॅड नाही, आणि दिवसभर मापं टाकणाऱ्याला तो लागतोच, छोटा यूएसबी नंपॅड घेतला. लॅनचं पोर्ट नाही, काही कंपन्या बाहेरच्यांना वायफाय देत नाहीत, तेव्हा डोंगल सॅकमध्ये ठेवावा लागतो.

एमजी रोडला किंवा कुठेही घ्यायला जाल तेव्हा तुमची सगळ्यात मोठी फाइल पेनड्राइव्हवर न्या. तुमचं सॉफ्टवेअर दुकानात नसेल, तर निदान ई-ड्रॉइंग्ज (मॉडेल नुसतं उघडून बघायचं सॉफ्टवेअर) टाकू द्या म्हणून सांगा. चार्जर काढून पंधरा मिनिटं फाइल फिरवा, हात कुठे भाजतो ते बघा. नको म्हणणाऱ्या दुकानात मी थांबले नाही. जिथून घेतला तिथल्या मालकाने स्वतः टेबल मोकळं करून दिलं. आणि वॉरंटी घेताना ऑनसाइट आहे का ते विचारा. माझा चार्जिंग पोर्ट पावसाळ्यात ढिला झाला तेव्हा इंजिनियर घरी येऊन बदलून गेला. मशीन सर्व्हिस सेंटरला जमा करावं लागलं असतं, तर त्या आठवड्यातली अंबडची ट्रायल पुढे ढकलावी लागली असती.